वाचकांचे प्रश्न : रास्पबेरी पायवर जुने खेळ

प्रश्न : सुट्टीत मुलांसाठी रास्पबेरी पाय ४ या एकाच बोर्डाच्या छोट्या संगणकावर रेट्रोपाय ही जुने व्हिडिओ गेम चालवणारी प्रणाली बसवली. खेळ सुरू होतात, पण मध्येच पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते आणि यंत्र पुन्हा सुरू होते. मेमरी कार्ड बदलावे का? – एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : कार्डाला हात लावण्याआधी चार्जर तपासा. ती पिवळी वीज म्हणजे बोर्डाला पुरेसा विद्युतदाब (व्होल्टेज) मिळत नसल्याची सूचना असते. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. मोबाइलचा साधा चार्जर किंवा लांब, बारीक केबल जोडली, तर खेळाचा भार वाढताच दाब घसरतो आणि असे वारंवार अचानक बंद पडल्याने चांगले कार्डही बिघडते.

चार्जर बदलूनही अडचण राहिली, तरच संगणकावर रास्पबेरी पाय इमेजर या कार्ड तयार करणाऱ्या प्रोग्रामने रेट्रोपाय कार्डावर नव्याने लिहा. मात्र त्याआधी खेळ आणि खेळांतली प्रगती पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा, कारण त्यात कार्ड पूर्ण पुसले जाते. लिहून झाल्यावर विंडोज कार्ड फॉरमॅट करायचे का असे विचारते, तिथे नकारच द्यावा. टीव्हीची केबल बोर्डावर चार्जर जोडतो त्याच्या शेजारच्या सॉकेटात लावा.

रेट्रोपायसोबत व्यावसायिक खेळांच्या फाइली येत नाहीत. इंटरनेटवर त्या सहज सापडतात, पण बहुतेकांवर आजही स्वामित्वहक्क आहे. त्यामुळे निर्मात्यांनी स्वतः मोफत खुले केलेले खेळच मुलांना द्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन.