प्रश्न तुमचे : ईगलनेस्टला जाण्याआधी

अरुणाचल प्रदेशच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यातलं, पक्षी पाहायला लोक जातात ते ईगलनेस्ट अभयारण्य आणि त्याला लागून असलेलं बुगुन या स्थानिक जमातीच्या लोकांचं राखीव जंगल, यांविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

आम्ही सहा जण दर महिन्याला सह्याद्रीत ट्रेक करतो. रोज १५-१८ किलोमीटर चालायची तयारी आहे. पाच दिवसांत सगळं अभयारण्य होईल का? (वाचक, पुणे)

पायांना होईल, डोळ्यांना होणार नाही. इथे चालायचं ते मुख्यतः लष्कराने बांधलेल्या जुन्या जीपरस्त्यावरून, आणि तेही तासाला जेमतेम एक किलोमीटर. पक्ष्यांचा मिश्र थवा आला की वीस-वीस मिनिटं एकाच वळणावर जातात. ‘दुपारपर्यंत माथा गाठू’ ही गडांवरची सवय घरी ठेवून या.

उंचीचा हिशेब असा : मुक्कामाचा लामा कॅम्प सुमारे २३५० मीटर, त्याच्या वरची ईगलनेस्ट खिंड २८०० च्या आसपास, पलीकडे उतरलं की दुसऱ्या मुक्कामाचं बोंपू १९४०, सेस्नी १२५० आणि खाली खेलाँग ७५०. दर पाच-सहाशे मीटरला झाडं बदलतात आणि पक्षीही. म्हणून दोन मुक्काम लामा कॅम्पला, तीन बोंपूला आणि बोंपूहून एक दिवस सेस्नीच्या बाजूला, एवढं पुरे. रोजची पद्धत साधी आहे. गाडीने वर जायचं आणि उतारावर चालत यायचं. गाडी बरंच अंतर राखून मागे. सहा जणांचा एकच घोळका नको. तिघा-तिघांचे दोन गट आणि प्रत्येक गटाला वेगळा वाटाड्या घ्या, नाहीतर मागच्या दोघांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात.

घड्याळाचाही घोळ होतो. एप्रिलअखेर सूर्य पावणेपाचच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहाला अंधारायला लागतं. सहाला उठून चहा, सातला बाहेर असा बेत केलात तर सकाळचा सर्वांत चांगला वेळ अंथरुणातच जाईल.

परवाने कोणकोणते? (वाचक, नाशिक)

भारतीयांना अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट (राज्यात शिरण्याचा सरकारी परवाना) लागतं; ते ऑनलाइन मिळतं. फोटो आणि ओळखपत्राची प्रत लागते. परमिटावरचं नाव ओळखपत्राप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे मधलं नाव एका ठिकाणी असतं नि दुसऱ्या ठिकाणी नसतं, आणि नाक्यावर खोळंबा होतो तो बहुधा याच कारणाने. अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी वेगळी; ती कॅम्प चालवणाऱ्यांकरवी आधीच काढून घ्या. गुवाहाटीहून तेजपूर, भालुकपाँग, टेंगा असा रस्ता आहे. घाटात दरड कोसळली तर तासन्‌तास अडकायला होतं, म्हणून परतीचं विमान शक्यतो दुसऱ्या दिवशीचं ठेवा. रोख पैसे तेजपूर सोडण्याआधीच काढा.

‘गावकऱ्यांनी चालवलेलं’ असं आजकाल सगळेच लिहितात. खरं कसं ओळखायचं? (वाचक, ठाणे)

आरक्षणाआधी तीन प्रश्न विचारा. जमीन कोणाची? वाटाड्या कोणत्या गावचा? माणशी दराव्यतिरिक्त गावाला जाणारी रक्कम पावतीवर वेगळी दिसते का? तिन्हींची उत्तरं सरळ आली तर ठीक. ‘सगळं पॅकेजमध्येच आहे’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा.

अभयारण्याजवळच्या सिंगचुंग गावच्या बुगुन लोकांनी आपल्या गावाच्या जंगलातला सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग राखला आणि २०१७ मध्ये तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. अशा क्षेत्रात जमिनीची मालकी समाजाचीच राहते. गस्त घालायला गावातलीच मुलं आहेत. जंगल उभं ठेवण्यात गावाचा रोजचा पगार आहे, आणि तुमचे पैसे त्या पगारात पोचतात की नाही, एवढंच तपासायचं.

बुगुन लिओसिक्ला हा दुर्मीळ पक्षी दिसेलच ना? मोबाइलवर आवाज लावून बोलावता येतो असं ऐकलं. (वाचक, कोल्हापूर)

आवाज लावायचा नाही. वाटाड्या सांगेल, पण त्याने सांगेपर्यंत थांबू नका. या पक्ष्याची माहीत असलेली संख्या इतकी थोडी आहे की पुण्यातले खगोलशास्त्रज्ञ रमणा अत्रेय यांनी २००६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा नेहमीच्या रिवाजाप्रमाणे नमुना म्हणून पक्षी मारला नाही. मोजमापं, छायाचित्रं आणि पिसं यांवर भागवलं आणि पक्षी सोडून दिला. रेकॉर्डिंग ऐकून नर चारा आणि घरटं सोडून ‘घुसखोरा’ला हाकलायला येतो. सकाळभरात चार गटांनी चार वेळा आवाज लावला तर त्याची सकाळ संपली.

काळी टोपी, डोळ्यापुढे पिवळा ठिपका, करडा-हिरवट अंग, पंखावर पिवळा-लाल रंग : लामा कॅम्पच्या आसपास हे शोधा. दोन सकाळी हाताशी ठेवा. रेड पांडाची मात्र आशा धरू नका, दिसला तर दिसला.

जळवांवर मीठ की तंबाखू? (वाचक, सावंतवाडी)

दोन्ही नको, लायटरही नको. चिडलेली जळू पोटातलं जखमेत ओकते आणि मग जखम चिघळते. जळूला दोन्ही टोकांना चूषक असतात. निमुळतं टोक तोंडाचं. तिथे कातडीला नख आडवं टेकवून सरकवा, ते सुटलं की लगेच दुसरं टोक, आणि लांब फेका. साबणाने धुऊन गॉज दाबून धरा. रक्त गोठू न देणारा पदार्थ तिने सोडलेला असतो, त्यामुळे तासन्‌तास झिरपतं, घाबरू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

त्यापेक्षा मोजे शिवून घ्या. घट्ट विणीचं पॉपलिन किंवा ड्रिल, रंग फिका म्हणजे चढणारी जळू दिसते, दुहेरी शिवण, गुडघ्याखाली नाडी. नेहमीच्या मोज्यावर हा मोजा, पँट त्याच्या आत आणि वर बूट. बाजारातल्या लोकरी मोज्यांच्या विणीतून जळू सहज आत शिरते. खालच्या पट्ट्यात बारीक चावऱ्या माश्याही असतात. त्यांच्यासाठी पूर्ण बाह्या, कारण खाजवून झालेल्या जखमा आठवडाभर पुरतात.

हत्ती आडवा आला तर? (वाचक, नागपूर)

इथले हत्ती डोंगर चढून खूप वर येतात, म्हणून ‘एवढ्या उंचीवर कसला हत्ती’ असं धरून चालू नका. रस्त्यावर ओली, वाफाळणारी लीद दिसली की बोलणं बंद, आणि पुढे जायचं की मागे फिरायचं हे वाटाड्याच ठरवणार. तो मागे वळला तर फोटोसाठी एक मिनिटही मागू नका. पहाटे तंबूबाहेर लघवीला जातानाही आधी टॉर्च फिरवून बघायचा.

वीज आणि जेवण? (वाचक, सोलापूर)

जनरेटर थोडा वेळच चालतो. २०,००० एमएएचची पॉवर बँक आणा, ती विमानात हातातल्या सामानातच ठेवावी लागते. भात, डाळ, भाजी, अंडी मिळतं. कांदा-लसूण चालत नसेल तर आरक्षणाच्या वेळीच कळवा, कारण सामान टेंग्याहून वर येतं. फरसाणाची पाकिटं घरून आणाल, त्यांचा प्लॅस्टिकचा कचराही घरी परत न्या.