मणक्याला इजा झालेल्या माणसाला सर्व्हिस डॉग खरंच उपयोगी पडतो का?

तुम्ही लिहिलंय की भावाच्या मानेच्या मणक्याला अपघातात मार बसलाय, व्हीलचेअरवर आहे, बोटं चालत नाहीत, आणि व्हिडिओत दाखवतात तसा ट्रेनिंग दिलेला कुत्रा खरंच कामाचा असतो का. मी स्वतः सी-6 आहे, म्हणजे मानेच्या सहाव्या पातळीवर मज्जारज्जूला इजा, 2015 पासून चेअरवर. मूळचा सांगलीचा, आता कॅलिफोर्नियात असतो, आणि गेली चार वर्षं माझ्याकडे मोबिलिटी सर्व्हिस डॉग आहे, लॅब्रॅडोर, नाव बार्ली. हो, उपयोगी पडतो, पण तुम्हाला वाटत असेल त्या कामासाठी नाही.

लोकांना वाटतं कुत्रा चेअर ओढतो. माझा ओढत नाही, त्याच्या खांद्यांवर ताण येतो म्हणून ट्रेनरनीच नको सांगितलं, आणि त्याच्यावर भार टाकून बेडवर सरकायचं वगैरे तर अजिबातच नाही. त्याचं मोठं काम म्हणजे खाली पडलेली वस्तू उचलून देणं. ऐकायला किरकोळ वाटेल पण भावाला विचारून बघा. सी-6 ला मनगट वर उचलता येतं पण बोटं मिटत नाहीत, मनगट वर केलं की बोटं आपोआप जराशी आत वळतात आणि तेवढ्या पकडीवर आमचं सगळं चालतं, त्यामुळे फोन, चमचा, रिमोट दिवसातून दहादा हातातून सुटतं. आणि वाकून घ्यावं तर पोटाचे स्नायू काम करत नाहीत, वाकलेला माणूस परत सरळ होत नाही. म्हणजे वस्तू पडली की कोणी येईपर्यंत तिथंच पडून.

याचा अर्थ मला एकट्याला घरी ठेवताच येत नव्हतं. बायकोनं पहिली काही वर्षं ऑफिसचं काम घरूनच केलं, किराणा आणायला गेली तरी दर दहा मिनिटांनी फोन करायची. आता ती सकाळी जाते ती दुपारी चारला येते, मध्ये मी आणि बार्ली.

एक प्रसंग सांगतो. दुपारी बेडवर पडलो होतो आणि एकदम डोकं ठणकायला लागलं, चेहऱ्यावर घाम. ज्यांची इजा टी-6 (पाठीच्या छातीकडच्या भागातली सहावी पातळी) किंवा त्याच्या वर असते त्यांना हे माहीत पाहिजे, लघवीची नळी अडकली किंवा मोजा जरी घट्ट झाला तरी बीपी भयंकर वाढू शकतं, त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात, ही इमर्जन्सी आहे. फोन घ्यायला गेलो तर तो सटकून पलंगाखाली. बार्लीला ‘गेट’, म्हणजे ‘आण’, म्हटलं, तो पलंगाखाली घुसला, पंजानं फोन ओढला, तोंडात धरून माझ्या दोन तळव्यांच्या मध्ये आणून दिला. शेजाऱ्यांना फोन लावला, त्यांना दाराचा कोड माहीत होता, त्यांनी येऊन मला उठवून बसवलं, नळीला पीळ पडला होता तो सोडवला. कुत्र्याला बीपी कळलं असं मी म्हणत नाही, त्यानं फक्त फोन आणला, पण त्या दिवशी मला तेवढंच हवं होतं.

बाकी फ्रीजला दोरी बांधलीय ती ओढून दार उघडतो, लिफ्टचं बटण नाकानं दाबतो, लाईट लावतो, जॅकेटची बाही दातात धरून काढतो. आई सांगलीहून आली तेव्हा आधी त्याला देवघराजवळ येऊ देत नव्हती, महिन्याभरात पोळी करताना पहिली पोळी त्याच्यासाठी बाजूला ठेवायला लागली, ती सवय मला थांबवावी लागली कारण त्याचं वजन वाढलं तर सांधे जातात.

इथे असे कुत्रे तयार करून देणाऱ्या संस्था जुन्या आहेत, कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझाची कनाइन कंपॅनियन्स 1975 पासून आहे आणि कुत्र्याचे पैसे घेत नाही. पिल्लू साधारण दीड वर्ष स्वयंसेवकाच्या घरी वाढतं, मग काही महिने ट्रेनिंग. मला माझा मिळायला अडीच वर्षं लागली. शिवाय अपंगांच्या हक्कांसाठीचा 1990 चा अमेरिकेचा एडीए कायदा पाठीशी आहे, दुकानवाला दोनच प्रश्न विचारू शकतो, अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का आणि तो कोणतं काम शिकलाय. तरी एका हॉटेलात आम्हाला दारातच अडवलं होतं, बायको रडली त्या दिवशी.

कुत्रा काय करत नाही तेही ऐका. ट्रान्सफर म्हणजे बेडवरून चेअरवर हलवणं, लघवी-शौचाचं रुटीन, कुशीवर वळवणं, यासाठी माणूसच लागतो. आणि कुत्र्याचंही करावं लागतं, खाणं, फिरवणं, डॉक्टर. नखं तर नियमित कापा, माझ्या मांडीला संवेदना नाही, एकदा मोठा ओरखडा उठलेला संध्याकाळी कपडे बदलताना बायकोला दिसला तेव्हा कळलं.

तुमच्याकडे घरात आधीच शांत स्वभावाचा लॅब असेल तर गुंडाळलेल्या नॅपकिनपासून ‘आण’ आणि ‘दे’ शिकवायला सुरुवात करा, फोन नंतर, आणि औषधाच्या गोळ्यांची पट्टी कधीच नाही, चावली तर त्याच्या जिवाशी खेळ. नुसतं यासाठी नवीन पिल्लू मात्र आणू नका, आत्ता तुमच्या घरात कोणालाच तेवढी उसंत नसणार. तोपर्यंत भावाचा फोन दोरीनं चेअरला बांधा, आजच. त्याच्या इजेची लेव्हल काय आहे (सी-5, सी-6 वगैरे) आणि मनगट किती उचलतं ते कमेंटमध्ये लिहा, त्याप्रमाणे अजून सांगतो.