कोड रिव्ह्यू एकाच्याच माथी का?

प्रश्न : जळगावात आमची चौघांची टीम केळी व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करते. कोड रिव्ह्यू, म्हणजे एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासणे, एकट्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे असल्याने तो आठवडाभर अडतो आणि शेवटी नुसता ‘ठीक आहे’ एवढाच शेरा मिळतो. काय करावे?

उत्तर : सारा भार एकावर टाकणे हेच या अडचणीचे मूळ आहे. आयबीएम या संगणक कंपनीतील मायकेल फेगन यांनी १९७६ साली मांडलेल्या पद्धतीतही कोड अनेकांनी मिळून तपासणे अपेक्षित होते. नवख्यानेही ज्येष्ठांचा कोड वाचलाच पाहिजे, कारण त्याला न उमगलेली ओळ बहुधा खरोखरच क्लिष्ट असते. एका वेळी तपासायला दिलेले बदल लहान ठेवावेत. मोकळ्या जागा आणि रचना फॉर्मॅटरवर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या साधनावर, सोपवावी. तुमच्या कामात खरी जोखीम रकमेची आहे : फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या संख्याप्रकारात) ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, म्हणून क्विंटलच्या भावाने काढलेली रक्कम रुपयांच्या अपूर्णांकाऐवजी पैशांच्या पूर्णांकात साठवली आहे ना, हे सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या तरी स्वतः वाचून पाहावे. एखादा शेरा बोचेल असे वाटल्यास तो लिहू नये. शेजारी बसून बोलावे आणि जे ठरले ते मात्र नोंदवून ठेवावे.