कलेजीत पानासारखे चपटे किडे निघाले, ती खाल्ली तर आपल्याला होतात का?

तुम्ही लिहिलंय की रविवारी आणलेली बकऱ्याची कलेजी चिरताना नळीतून कढीपत्त्याच्या पानाएवढे चपटे, मातकट किडे निघाले. आणि आदल्या आठवड्यात त्याच दुकानातली कलेजी घरात सगळ्यांनी खाल्लीय. म्हणून आधी हे सांगतो: नीट शिजवलेल्या कलेजीतून हा किडा माणसाला होत नाही. मुलांना घाईघाईने अल्बेंडाझोल, म्हणजे जंताची नेहमीची गोळी, देऊ नका. माणसातल्या या कृमीवर त्याचा भरवसा नाही, त्यासाठी ट्रायक्लाबेंडाझोल लागतं आणि तेही तपासणीनंतर, डॉक्टरांनी दिलं तरच.

याला लिव्हर फ्लूक म्हणतात. आपल्याकडे गुरा-शेरडांत सापडतो तो बहुतेक वेळा फॅसिओला जायगँटिका. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. तिथे पहिल्यांदा असं यकृत हातात आलं तेव्हा पित्तनलिका बोटाएवढी जाड झाली होती. सुरी लावली तर करकरली, कारण आत चुन्यासारखा थर साचला होता. नळी दाबली आणि घट्ट तपकिरी पित्ताबरोबर एकेक किडा गुंडाळी उलगडत बाहेर आला. तो वास अजून आठवतो.

तुमच्या सुरीखाली आला तो पूर्ण वाढलेला किडा. त्याची अंडी पित्तातून आतड्यात आणि लेंड्यांतून बाहेर पडतात. ती पाण्यात गेली की त्यातून केसाळ अळी निघते. तिला साधारण दिवसभरात गोगलगाय गाठावी लागते, नाहीतर ती मरते. गाठली तर गोगलगायीच्या अंगात एकीच्या शेकडो होतात. मग शेपटीवाल्या अळ्या बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतात आणि शेपूट टाकून स्वतःभोवती कवच करतात. डोळ्यांना जेमतेम दिसणारा तो कण पोटात गेला की लागण होते.

बकरीच्या पोटात त्यातलं पिल्लू आतड्याची भिंत फोडतं, यकृतात शिरतं आणि कित्येक आठवडे ते कुरतडत फिरतं. जनावर खंगत जातं, जबड्याखाली पाणी उतरतं. उन्हाळ्यात हिरवं उरतं ते तळ्याकाठीच, म्हणून शेरडंवाले तिथेच चारतात. त्यांचा काय दोष? पण नुकसान त्यांचंच होतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

माणसाला हा होतो तो पाण्यात वाढलेली पालेभाजी कच्ची खाल्ल्याने. याचाच एक भाऊबंद, फॅसिओलॉप्सिस बस्की, आतड्यात राहतो आणि कच्च्या शिंगाड्याच्या सालीवरून येतो. तो फार लांबचा नाही; पालघर तालुक्यात त्याचा अभ्यास झालेला आहे. शिंगाडा दातांनी सोलायची सवय मुलांना असेल तर ती आजच मोडा. उकडून द्या.

ती कलेजी मात्र टाकून द्या आणि दुकानदाराला दाखवून सांगा, त्यालाही कळू दे. उजव्या बरगडीखाली दुखणं, रेंगाळणारा ताप आणि रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले असं काही दिसलं तर डॉक्टरांना भेटा. शौच तपासणी करायची झाली तर आधी आठवडाभर कलेजी खाऊ नका. किडकी कलेजी खाल्लेली असली की तिच्यातली अंडी नुसतीच आतड्यातून पुढे जातात, आणि आजार नसतानाही रिपोर्टमध्ये अंडी दिसतात.