पासपोर्ट भारताचा, मार्कशीट चीनची, मग लेकीची ॲडमिशन कुठल्या नियमाने?

पत्र शाओशिंगहून आलंय. लिहिणारे दादा मूळचे इचलकरंजीचे, कापडाच्या धंद्यापायी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. मुलगी पहिलीपासून चिनी सरकारी शाळेत, आता गाओ-एरला, म्हणजे आपली अकरावी. पत्र मोठं आहे, मुद्दा एवढाच: "मॅडम, तिच्या वर्गातली बरीच पोरं बाहेर जायची तयारी करतायत. वुईचॅटच्या ग्रुपवर चिनी विद्यार्थ्यांना काय काय लागतं याची यादी फिरतेय. तीच आम्ही धरायची का? आम्ही भारतीय आहोत म्हणून इंग्रजीची परीक्षा माफ होईल ना? आणि गाओकाओ (चीनची विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा) दिली नाही तर चालेल का? एजन्सीवाला म्हणतो सगळं आमच्यावर सोडा."

दादा, नमस्कार. शेवटून सुरू करते. सगळं त्याच्यावर सोडू नका.

आता यादीचं. ती यादी अर्धी तुमची आहे आणि अर्धी नाही, आणि घोळ नेमका तिथेच आहे. बाहेरचं विद्यापीठ अर्ज बघताना आधी मुलगी कुठल्या बोर्डात शिकली ते बघतं, पासपोर्ट नंतर, त्यामुळे त्यांच्या लेखी तुमची लेक चिनी सिस्टिमचीच विद्यार्थिनी. पण गाओकाओवाले उलटं, ते आधी तुम्ही कोण हे विचारतात. चीनचं नागरिकत्व नाही आणि परदेशी माणसाला मिळतं ते पर्मनंट रेसिडेन्स कार्डही नाही, तर गाओकाओचा फॉर्मच भरता येत नाही. तुम्ही लिहिलंय की सगळ्यांचा वर्क परमिटवरचा व्हिसा आहे, म्हणजे "दिली नाही तर चालेल का" हा प्रश्नच नाही, ती देऊच शकणार नाही. वर्गातली पोरं ७ जूनला पेपरला बसतील (२०२४ ला १ कोटी ३४ लाख पोरांनी नाव नोंदवलं होतं, म्हणजे बघा), आणि तुमची लेक घरी असेल. शाळेत हे कुणी स्पष्ट सांगितलं नसेल तर नवल नाही, कारण शाळेचं सगळं गणित त्या ७५० मार्कांभोवतीच फिरतं.

हे एवढं ताणून सांगतेय कारण कुठले देश उघडे आणि कुठले बंद ते यावरच ठरतं. जर्मनीचं तुम्ही फार आशेने लिहिलंय, फी नाही म्हणून. पण चिनी बारावीचं नुसतं सर्टिफिकेट जर्मनीत प्रवेशाला पुरत नाही, सोबत गाओकाओचा निकाल मागतात, शिवाय बीजिंगच्या एपीएस या जर्मन कार्यालयाकडून कागद तपासून घ्यावे लागतात. त्यामुळे बॅचलरसाठी जर्मनी सध्या बाजूला ठेवा, मास्टर्सच्या वेळी बघू. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठ २०१२ पासून गाओकाओचे मार्क धरतं, नंतर बाकीचेही धरायला लागले, तो तुमच्या लेकीच्या मैत्रिणींचा सरळ रस्ता. तिला मात्र तिथे बहुतेक फाउंडेशनचं, म्हणजे डिग्रीआधीच्या तयारीचं, वर्ष करून जावं लागेल. इंग्लंडचंही साधारण तसंच. तिकडची डिग्री ३ वर्षांची आणि ते ए-लेव्हलच्या (तिकडच्या बारावीच्या) तोडीचं काहीतरी मागतात, चिनी बारावी त्यांना एक वर्ष कमी वाटते, म्हणून आधी फाउंडेशन. म्हणजे एका वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च जास्तीचा, तो आत्ताच हिशेबात धरा.

राहिलं अमेरिका आणि कॅनडा. तुमच्या केसमध्ये मी आधी तिकडेच बघेन, आणि त्यातही अमेरिका, कारण तिथे एका परीक्षेवर सगळं टांगलेलं नसतं, ४ वर्षांचे मार्क बघतात. आणि इथेच एक खड्डा आहे ज्यात चिनी शाळेतली हुशार हुशार पोरं पडलेली मी बघितलीत. अमेरिकेची हायस्कूल ४ वर्षांची, नववी ते बारावी. चीनची गाओझोंग ३ वर्षांची, दहावी ते बारावी. मग नववीचे मार्क कुठे? ते जुन्या शाळेत, चुझोंगमध्ये. आताची शाळा म्हणते आमच्याकडे नाहीत, जुनी शाळा म्हणते पोरगी तर कधीच गेली. एका मुलाच्या जुन्या शाळेचं दुसऱ्या शाळेत विलीनीकरण झालेलं, कपाट कुठल्या इमारतीत गेलं हेच कुणाला माहीत नव्हतं, शेवटी डिसेंबरात रजिस्टर सापडलं आणि तोवर पहिल्या फेरीची तारीख उलटून गेली होती. तुमची जुनी शाळा गावातच आहे ना, मग या आठवड्यातच जा, नववीच्या दोन्ही टर्मचं चेंगजीदान म्हणजे मार्कशीट घ्या, चिनी आणि इंग्रजी दोन्ही, आणि प्रत्येक पानावर शाळेचा लाल गोल शिक्का. शिक्का नसेल तर तो कागद कागदच नाही, हे तुम्हाला धंद्यातून माझ्यापेक्षा जास्त माहितीये. मार्क १०० पैकी असोत की १५० पैकी, जसे आहेत तसेच लिहून घ्या. एजन्सीवाले स्वतःच ४ च्या स्केलवर जीपीए काढून देतात, त्या भानगडीत पडू नका, ज्याला हवंय तो तिकडे बसून काढतो.

दुसरा कागद श्वेजीचा, म्हणजे सरकारी पटावरच्या नोंदीचा. हे जरा नीट ऐका. परदेशी मुलांना कधी कधी शाळा नुसतं वर्गात बसवून घेतात, म्हणजे शिकवतात, परीक्षा घेतात, पण सरकारी पटावर नाव नसतं. नाव नसेल तर श्वेकाओला बसता येतं की नाही इथून प्रश्न सुरू होतो, आणि शेवटी बारावी पास झाल्याचं बीयेझेंग मिळणार की नुसतं हजर होती असा काहीतरी दाखला मिळणार तेही त्यावरच. श्वेकाओ म्हणजे आधी जिला हुइकाओ म्हणायचे ती, प्रत्येक विषयाची प्रांताची परीक्षा, झेजियांगमध्ये ए ते ई ग्रेड मिळते आणि ई म्हणजे नापास. गाओकाओच्या गोंगाटात पोरं हिला किरकोळ समजतात, पण तुमच्या लेकीच्या हातात सरकारी शिक्क्याचा निकाल म्हणून एवढाच असणार आहे, आणि गाओकाओ नसलेल्या मुलाकडून विद्यापीठं हाच मागतात, तेव्हा तिला सांगा किरकोळ समजू नकोस. बानझुरेनला, म्हणजे वर्गशिक्षकांना, सरळ विचारा की हिचा श्वेजी नंबर काय. नंबर सांगितला तर प्रश्न मिटला. "बघून सांगतो" म्हणाले तर दुसऱ्या दिवशी परत जा.

बीयेझेंग बारावी संपल्यावरच मिळतं, तोवर अर्जाला झायदू झेंगमिंग म्हणजे बोनाफाईड चालतं. शिफारसपत्र गणिताच्या सरांना इंग्रजीत जमत नसेल तर चिनीत लिहू द्या आणि भाषांतर जोडा, त्यात काही कमीपणा नाही. उलट एजन्सीने लिहिलेलं गुळगुळीत इंग्रजी पत्र वाचणाऱ्याला लांबूनच कळतं.

इंग्रजीची माफी? नाही हो दादा. भारतीय पासपोर्टवर ती मिळत नाही, आणि तुमची लेक तर चिनी माध्यमात शिकलेली. टोफेल किंवा आयईएल्टीएस द्यावीच लागेल. दोन्हीचा स्कोअर २ वर्षं चालतो म्हणून फार लवकर देऊन ठेवण्यातही अर्थ नाही, पुढच्या उन्हाळ्यात दिली तर बरोबर बसेल.

एसएटीचं, म्हणजे अमेरिकेच्या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेचं, गमतीदार आहे. मेनलँड चीनमध्ये सर्वसामान्य शाळेतल्या मुलांसाठी ती होतच नाही, पोरं हाँगकाँग, मकाव, सिंगापूर असं कुठे कुठे विमानाने जाऊन पेपर देऊन येतात. आता परीक्षा लॅपटॉपवर असते, सव्वादोन तासांत संपते, पण त्यासाठी दोन दिवस जातात. हाँगकाँगला चिनी पोरांचा वेगळा परवाना असतो, तो तुम्हाला लागू नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांना हाँगकाँगचं प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन ऑनलाईन करावं लागतं, ते वर्गातल्या कुणालाच माहीत नसणार आणि यादीतही नसणार. ते केल्याशिवाय विमानतळावर गेलात तर चेक-इनलाच अडवतील. आणि तिच्या चीनच्या रेसिडेन्स परमिटची मुदत त्या तारखेच्या पुढेपर्यंत आहे ना तेही बघा, नाहीतर परत येताना पंचाईत.

एसएटी द्यावी का? द्यावी. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं, बर्कली वगैरे, ती बघतच नाहीत, पण एमआयटीने २०२२ ला आणि हार्वर्डने २०२४ ला ती (किंवा तिच्यासारखी एसीटी) परत सक्तीची केली. आणि जिथे ऐच्छिक आहे तिथेही तुमच्या लेकीसाठी ती ऐच्छिक नाही असंच मी म्हणेन, कारण गाओकाओ नाही आणि आयबी, ए-लेव्हल नाही, तेव्हा बाहेरच्या माणसाने तपासलेला आकडा म्हणून दाखवायला दुसरं आहे काय? जोडीला मे महिन्यात एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या अमेरिकी परीक्षेचे, दोन पेपर, कॅल्क्युलस आणि फिजिक्स. तिच्या शाळेचा अभ्यास या दोन विषयांत एपीच्या मागे नक्कीच नाही, फक्त इंग्रजी शब्दांची सवय करायची. शाळेत सोय नसेल तर हाँगकाँगच्या परीक्षा मंडळाकडे बाहेरचे विद्यार्थी बसतात, नोंदणी कित्येक महिने आधी बंद होते.

कॉमन ॲप, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांचा एकच ऑनलाईन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं, कॅलिफोर्नियाचा अर्ज नोव्हेंबरअखेर बंद होतो, बाकी बहुतेक जानेवारीच्या पहिल्या दिवसांत. ६५० शब्दांचा निबंध असतो. कृपा करून "मी तीन संस्कृतींची लेक" असलं काही लिहू देऊ नका, दिवाळी आणि चिनी नववर्षाचे कंदील एकत्र आणलेले निबंध मी इतके वाचलेत की आता कंदील दिसला की पान उलटते. तुम्ही सहज लिहून गेलात की ती शनिवारी गाळ्यावर बसून सुरतेच्या व्यापाऱ्यांचं चिनीत आणि चिनी मालकांचं हिंदीत करून देते, आणि एकदा मीटर आणि यार्डाच्या गोंधळात तिने एक ऑर्डर वाचवली. अहो, हा निबंध आहे! बाकीचं तिला आठवू दे, तिच्याच इंग्रजीत, चुकलं तरी चालेल.

आता तो एजन्सीवाला. त्याने सांगितलेली रक्कम इथे छापत नाही, पण त्यात मुलीचं एक वर्ष फाउंडेशन झालं असतं. झोंगजिएकडून, म्हणजे एजन्सीकडून, कॉलेजांची यादी घ्या, व्हिसाचे फॉर्म भरून घ्या, त्याला काही हरकत नाही. पण करारात "अर्जाचे अकाउंट आणि पासवर्ड कंपनीकडे राहतील" असं कलम असेल तर सही नको, ईमेल मुलीचा, पासवर्ड मुलीचा, आणि विद्यापीठाचं प्रत्येक पत्र आधी तिला दिसलं पाहिजे. चीनमधून खोट्या मार्कशीटा आणि विकतचे निबंध इतके गेलेत की काही कॉलेजं इनिशियलव्ह्यूसारख्या कंपनीकडून मुलाची कॅमेऱ्यासमोर, तयारी न करून घेता मुलाखत मागतात. तिने ती मागायची वाट न बघता स्वतःहून द्यावी, गाळ्यावर गिऱ्हाईकाशी बोलणारी पोरगी आहे, तिला काय भीती.

पैशाचं तुम्ही आडून विचारलंय. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी ठिकाणं परदेशी मुलाला घेताना घरची ऐपत बघत नाहीत आणि लागेल तेवढी मदत देतात, पण तिथे लागणं म्हणजे तुम्हाला कल्पना आहेच. बाकी ठिकाणी मदत मागितली की निवडीवर परिणाम होतो. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांकडून परदेशी मुलांनी मदतीची अपेक्षा ठेवू नये.

भारतात यायचं ठरलं तर चिनी बारावीला एआययूचं (भारतीय विद्यापीठांच्या संघाचं) समकक्षता प्रमाणपत्र लागेल, आणि एनआयटीला दासामधून, म्हणजे परदेशात शिकलेल्या मुलांच्या प्रवेश योजनेतून, यायचं तर जेईई मेन द्यावी लागेल. आणि एक गोष्ट पत्रात कुठेच नाही म्हणून विचारते, चीनमध्येच का नको? झेजियांग विद्यापीठ तुमच्यापासून तासाभरावर आहे, परदेशी विद्यार्थी म्हणून तिथे वेगळ्या दारातून अर्ज होतो, गाओकाओशिवाय. मैत्रिणी ज्या दारासाठी रात्री अकरापर्यंत शाळेत बसतात त्याच्या शेजारचं दार तिला उघडं आहे. तिला विचारून बघा, तिला मनातून कुठे जायचंय ते पत्रात तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही.

श्वेजीचं काय झालं ते कळवा, नंबर नसेल तर मला पुढचं सगळं बदलून सांगावं लागेल.