पेन्सिल सुटत नाही, ब्रश धरवत नाही

प्रश्न : ताई नमस्कार, मी शाळेत असल्यापासून पेन्सिल स्केचिंग करते, चेहरे तर चांगलेच जमतात, सगळे कौतुकही करतात. आता वॉटरकलर शिकायचं खूप मनात आहे, सामान आणून ठेवलंय, पण करायला बसले की रंगांचा नुसता चिखल होतो आणि मी गपचूप पेन्सिलकडे वळते. चाळिशी उलटलीय, या वयात हे नवीन खूळ कशाला असंही वाटतं. काय करू?

उत्तर : वयाचं आधी बाजूला ठेवूया. रवींद्रनाथ टागोर कवी म्हणून जगभर गाजले आणि साठी ओलांडल्यावर चित्रकलेत रमले, १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. पण मला त्यांची सुरुवात जास्त आवडते, कवितेच्या वहीत खोडलेल्या ओळी असायच्या ना, त्या खोडाखोडीलाच रेघा जोडत ते आकार काढत बसायचे, म्हणजे लिहिता लिहिताच हात चित्राकडे सरकला, लेखणी काही सुटली नाही.

तुमचंही तसंच होऊ द्या. तुमची नजर वर्षानुवर्षं तयार झालीय आणि ब्रश धरणारा हात अजून कच्चा आहे, म्हणून तुम्हाला हे इतकं लागतंय. अगदी नवख्या माणसाला आपलं चित्र कुठे फसलं ते कळतही नाही, तुम्हाला मात्र पहिल्याच फटकाऱ्याला कळतं. हे लागणं काही दिवस राहणार, ते सोसा, प्लीज यावरून आपल्याला जमत नाही असा निकाल लावू नका.

आता चिखलाचं बघू. पेन्सिलमध्ये काळं झालं की खोडरबर आहे, डोळ्यातला चमकता ठिपकाही शेवटी रबराने काढता येतो. वॉटरकलरमध्ये पांढरं म्हणजे कोरा कागद, तो ठिपका पहिल्यापासून राखून ठेवावा लागतो, आणि फिकटाकडून गडदाकडे जायचं. बहुतेक वेळा चिखल होतो तो पहिला थर ओला असतानाच दुसरा दिल्यामुळे किंवा एकाच जागी ब्रश घासत राहिल्यामुळे. थर वाळलाय का हे बघायला हाताची मागची बाजू कागदाला अलगद लावा, गार लागलं तर अजून ओल आहे, थांबा. वाळल्यावर रंग फिका पडतो हेही लक्षात असू द्या, नाहीतर ओला असताना फार गडद वाटतो म्हणून माणूस घाबरून पाणी ओतत सुटतो.

सुरुवातीला सगळे रंग काढूच नका. फक्त सेपिया, म्हणजे गडद तपकिरी रंग घ्या आणि तुमचंच एखादं जुनं पोर्ट्रेट त्या एका रंगात करा, कमीजास्त पाणी घालून. शेडिंग तर तुम्हाला येतंच, उजेड कुठे पडतो सावली कुठे धरते हे नव्याने शिकायचंच नाहीये, तेवढ्यापुरत्या तुम्ही नवशिक्या नाही आहात! हे हातात बसलं की मग दुसरा रंग. तोवर कुणाला दाखवायची काही गरज नाही, कौतुकाची सवय झालेल्या माणसाला त्या दिवसात एखादा 'छान आहे' सुद्धा टोचतो. पेन्सिलही चालू ठेवा, ती सोडायला कुणी सांगितलंय?

आणि कागद जाड घ्या, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा). पातळ कागद पाणी लागलं की फुगतो, रंग त्या खळग्यांत साचतो आणि आपण उगाच हाताला दोष देत बसतो.