माळव्याचा काळा दगड मंगळाच्या चाचणीला चालेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: कॉलेजच्या टीमने छोटा रोव्हर बनवलाय, त्यावर हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरण टाकून दगडात कोणती मूलद्रव्यं किती आहेत ते सांगणारं) बसवलंय, गच्चीवरच्या वाळूत तो नीट चालतो. आता मंगळासारखी जागा म्हणून लडाख गाठावं, लोणारला जावं, की इंदूरजवळच काम भागेल?

पहिल्या चाचणीला लांब जाऊ नका. महूजवळच्या जानापाव डोंगराचा परिसर पुरे आहे. फक्त नेमकं काय तपासायचंय ते आधी ठरवा, कारण सगळ्याच बाबतींत मंगळासारखी अशी जागा पृथ्वीवर नाही. चिलीतल्या अटाकामा वाळवंटात जातात ते कोरडेपणासाठी. स्पेनमधल्या रिओ टिंटोला आम्लयुक्त पाण्यात तयार होणाऱ्या खनिजांसाठी, आणि आपल्या कच्छमधल्या मातानोमढला जॅरोसाइट या लोहयुक्त खनिजासाठी; हेच खनिज २००४ साली नासाच्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरला मंगळावर सापडलं. लोणारचं मोल असं की ते विवर बसाल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडावर, उल्का आदळून झालंय. पण तिथे अभयारण्य आहे, हातोडा चालवता येणार नाही.

आपल्याकडे आहे तो बसाल्ट, आणि मंगळाचाही बराच पृष्ठभाग बसाल्टचाच. म्हणजे जोडी बरी जमते. अडचण आहे ती दगडाच्या सालीची. रस्त्यासाठी टेकडी कापलेली असेल तिथे उभं राहून बघा: कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे, भोवती पिवळट मुरूम. एका धोंड्याच्या सालीवर यंत्र टेकवून आकडे घ्या. मग घण घालून तो फोडा आणि आतल्या निळसर-काळ्या भागावर पुन्हा घ्या. एकाच दगडाचे आकडे आहेत यावर विश्वास बसणार नाही. बाहेर कॅल्शियम धुऊन गेलेलं, लोखंड मागे राहिलेलं. भेगेवर चुन्याचा पापुद्रा असला तर कॅल्शियम उलट भरमसाट. हलक्या मूलद्रव्यांचे क्ष-किरण वरच्या काही मायक्रॉनमधूनच बाहेर येतात, त्यामुळे यंत्राला सालच दिसते. म्हणूनच मंगळावरच्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या रोव्हरवर दगड घासायचं हत्यार होतं, ४५ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटरपर्यंत खोल खड्डा करणारं. तुमच्या रोव्हरवर निदान तारेचा ब्रश तरी बसवा.

खाणींच्या सर्वेक्षणात मी बरीच वर्षं हेच यंत्र वापरलं. पहिल्याच वर्षी चोरलजवळ, दगडाच्या पोकळीतल्या स्फटिकाच्या टोकाने यंत्राच्या खिडकीवरचा पातळ पडदा फाटला. भोक टाचणीच्या टोकाएवढं. आकडे येतच राहिले, धूळ आत जात राहिली, आणि संध्याकाळी लक्षात आलं तेव्हा अख्ख्या दिवसाचं काम टाकून द्यावं लागलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. मध्ये एकदा जरी ओळखीचा, म्हणजे ज्याचे आकडे आधीच माहीत आहेत असा, नमुना मोजला असता, तर दुपारीच कळलं असतं. तेव्हापासून दर दहा मोजण्यांनंतर मी तो मोजतोच. मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरवरही याच कामासाठी बसाल्टची एक चकती बसवलेली आहे.

पुढे लेझरवालं यंत्र (लेझरने दगडावर ठिणगी पाडून तिच्या प्रकाशावरून मूलद्रव्यं ओळखणारं) बसवणार असाल तर एक लक्षात ठेवा. मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी आहे, तिथे लेझरची ठिणगी मोकळेपणी पसरते. जानापावच्या हवेत ती दबलेली असते. त्यामुळे मंगळासाठीची आकड्यांची जुळवाजुळव दाब तितकाच कमी केलेल्या बंद पेटीतच करायची.

डोंगरावर खरी परीक्षा होते ती टीमच्या निर्णयांची. २०१३ साली युरोपीय अवकाश संस्थेने अटाकामात रोव्हर उतरवला, आणि कुठे जायचं, कुठे खोदायचं हे ठरवणारी मंडळी ब्रिटनमध्ये हार्वेलला बसली होती. तुम्हीही तसंच करा. अर्धी टीम इंदुरात बसवा, त्यांना फक्त फोटो आणि आकडे पाठवा, दगड त्यांनीच निवडू देत. डोंगरावरच्यांनी फोनवर एक अक्षर सुचवायचं नाही. हे फार अवघड जातं, समोर चांगला दगड दिसत असतो.

मे महिन्यात जाऊ नका, यंत्र तापून बंद पडतं. सकाळी सहाला निघा, छत्री आणि खिडकीचे दोन जादा पडदे घ्या. पहिल्या दहा दगडांचे सालीचे आणि आतले आकडे इथे टाका, मी माझ्या जुन्या वहीशी ताडून बघतो.